इसाकचाचांची मुकी

परवा आमच्या चिरंजिवांनी गाडीचा चांगला चालणारा सायलेन्सर काढून टाकला आणि दुबईच्या कुसैस भागातल्या एका गॅरेजातून दुसरा बसवून आणला. दुसरा म्हणजे असा, की खाली गाडी सुरू झाली की तिसऱ्या मजल्यावर आमच्या कपबशा एकमेकींशी बोलायला लागतात. मी गॅलरीतून ओरडलो, "अरे, लोक पैसे देऊन आवाज कमी करून घेतात. तू वाढवून आणलास?"

खालून उत्तर आलं, "डॅडी, यू वोन्ट अंडरस्टँड."

"मला सायलेन्सर शिकवतोस? अरे, मी तुझ्या वयाचा असताना..."

"झालं," आतून बायको म्हणाली. "आता इसाकचाचा येणार. मी कुकर लावून घेते."

आमच्या घरात माझ्या गोष्टींचं स्वागत असंच होतं, ऐन जेवणाच्या वेळी न कळवता आलेल्या पाहुण्यासारखं. तक्रार नाही. मीच एवढ्या वेळा सांगितल्यात की पोरांना त्या माझ्या आधी संपवता येतात. पण इसाकचाचांची गोष्ट मी घरात आजवर पूर्ण केलेलीच नाही. एका ठिकाणी येऊन थांबतो आणि चहा मागतो. चहा येईपर्यंत पोरं उठून गेलेली असतात, आणि मला ते बरंच वाटतं. म्हणून आता लिहून काढतोय. कागदाला उठून जाता येत नाही.

साठ-पासष्टच्या सुमाराची दुबई. दिरहम अजून जन्मला नव्हता, कुसैस म्हणजे नुसती वाळू होती, आणि मी देराच्या एका शिपिंग ऑफिसात इनव्हॉइस टाइप करायचो. मालक अरब, मोठा व्यापारी. त्याला सगळे अरबाब म्हणत, म्हणजे धनी. तरुणपणी मुंबईत राहून आलेला. हिंदी माझ्यापेक्षा बरी बोलायचा, आणि हे दर आठवड्याला एकदा तरी मला ऐकवायचा. धक्क्याजवळच्या एका खोलीत आम्ही रत्नागिरीकडची पाच माणसं राहायचो. त्यातल्या तिघांचा या गोष्टीशी संबंध एवढाच, की ते घोरायचे. उरलेले दोघं म्हणजे मी आणि इसाकचाचा. आमच्याकडच्या खाडीच्या त्या काठाला त्यांचं गाव, या काठाला माझं. परमुलखात एवढं नातं पुष्कळ होतं.

चाचा उंच, पोफळीसारखे सरळ आणि वरच्या बाजूला किंचित डुलणारे. दाढी पांढरी, मिशी नाही, आणि उजव्या कानात कायम कापसाचा बोळा. हा बोळा बघून नवीन माणूस हमखास फसायचा. त्याला वाटायचं, कापूस आहे तो कान अधू. मग तो मोठ्या माणुसकीने डाव्या बाजूला जाऊन सावकाश, शब्द तोडून बोलायचा. आणि चाचांचा डावा कानच तर पार गेलेला होता! कापूस होता तो चांगल्या कानात, राखणीसाठी. समोरचा पाच मिनिटं बोलून दमला की चाचा आख्खे वळायचे, गलबत वळतं तसे, आणि विचारायचे, "काय बोललास?"

हे "काय बोललास" ते विचारायचे त्या आवाजाबद्दल सांगायला हवं. स्वतःला कमी ऐकू येतं म्हणून जगालाही कमी ऐकू येतं अशी त्यांची समजूत होती. खोलीत त्यांनी मीठ मागितलं की शेजारच्या खोलीतले मल्याळी मीठ घेऊन यायचे. मी एकदा त्यांच्या उजव्या कानाशी जाऊन, जरा लाजत, माझ्या बायकोला दिवस गेल्याची बातमी सांगितली. चाचा आनंदाने "माशाल्ला!" म्हणाले, आणि दुसऱ्या दिवशी गोदीवरच्या हमालांनी मला मिठाई मागितली.

डावा कान गेला तो गावी. चाचांकडे शेतीच्या राखणीची ठासणीची बंदूक होती. भाताला लोंब्या आल्या की रानडुकरं उतरायची, आणि चार वाड्यांचं भात चाचांच्या भरवशावर उभं असायचं. एकदा दारू जास्त ठासली गेली आणि नळी गालाशीच फाटली. डोळा वाचला, कान गेला. त्याच पावसाळ्यात त्यांची बायको तापाने गेली. मागे एकुलती मुलगी राहिली, हलिमा, तेव्हा जेमतेम चालणारी. तिला बहिणीकडे ठेवून चाचा इकडे आले, आणि नेम चांगला म्हणून अरबाबच्या ससाण्यांच्या दिमतीला लागले.

बर दुबईच्या बाहेर, समुद्राच्या अंगाला अरबाबचं मोठं आवार होतं. तिथे एका सावलीच्या पडवीत डोळ्यांवर चामड्याच्या टोप्या घालून ससाणे ओळीने बसलेले असायचे, कचेरीत साहेबाची वाट बघणाऱ्या माणसांसारखे. त्यांना रोज ताजं मांस लागायचं. आवारातल्या पडक्या गोठ्यावर पारवे यायचे, ते टिपून द्यायचे हे चाचांचं काम. शिवाय थंडीत अरबाब वाळवंटात सशांच्या शिकारीला निघाला की त्याच्याबरोबर जायचं.

पण इथेही बार व्हायचाच. चाचा बंदूक उडवायचे, पडवीतले ससाणे दचकून बैठकीवरून खाली लोंबकळायचे, अरबाब ओरडायचा, आणि चाचांच्या उजव्या कानात एक रातकिडा ओरडायला लागायचा. आधी तो तासाभरात गप्प व्हायचा. मग संध्याकाळपर्यंत राहू लागला. मग राहायलाच आला.

मी त्यांना ओळखीच्या एका डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर आपल्याकडचे होते. त्यांनी उजव्या कानात बत्ती घालून पाहिलं, वेगवेगळे आवाज करून पाहिले आणि म्हणाले, "चाचा, हा कानही थकलाय. बंदूक सोडा. नाहीतर दोन-चार वर्षांत हाही जाईल."

"जाऊ दे की," चाचा म्हणाले. "पण निकाहनंतर."

"तुमच्या?" डॉक्टर घाबरले.

"लेकीच्या हो! माझा कशाला?"

घरी परतताना त्यांनी मला त्यामागचं कारण सांगितलं. ते मोठ्याने सांगितल्यामुळे देराच्या अर्ध्या बाजारालाही कळलं, पण सांगितलं मला. आमच्यात निकाहच्या वेळी मुलीचा बाप दोन साक्षीदार घेऊन आत जातो, पडद्याआड बसलेल्या मुलीला विचारतो, आणि ती "कबूल" म्हणते. बहुतेक मुली ते इतक्या हळू म्हणतात की साक्षीदारांना बांगड्यांचाच आवाज येतो. गप्प राहिली तरी तो होकारच धरतात.

"पण मला ते धरलेलं नको," चाचा म्हणाले. "हलिमा लहानपणापासून हळू बोलते. बापाच्या वाट्याला सगळा मोठा आवाज आला, म्हणून तिला बारीक मिळाला. लहान होती तेव्हा रजेवर गेलो की या खांद्यावर चढून इथं बोलायची." त्यांनी कापसावर बोट ठेवलं. "आईविना वाढली, बापाविना वाढली. तिला काय पायजे ते आजवर कुणी विचारलं असेल का रे? एकदा मी विचारणार, आणि ती बोलेल ते माझ्या कानानं ऐकणार. मग हा कान अल्लाचा."

मग ते राखणीला लागले. भाताची करायचे तशीच कानाची. कापूस एका तंबाखूच्या डबीत, रोज नवा बोळा. धक्क्यावर भोंगा वाजायच्या वेळा त्यांना पाठ. खाडीवरच्या अबरांना, म्हणजे माणसं पलीकडे नेणाऱ्या होड्यांना, तेव्हा नुकत्याच मोटारी बसायला लागल्या होत्या. फट्फट् करत त्या पाच मिनिटांत देराहून बर दुबईला नेत. चाचा मोटारीच्या अबरेत कधी चढले नाहीत. वल्ह्याची येईपर्यंत उन्हात उभे राहायचे. त्यांच्याबरोबर मीही. एका शुक्रवारी भर उन्हात तीन मोटारवाल्या अबरा आमच्यासमोरून गेल्या. मी म्हणालो, "चाचा, पाच मिनिटांनी काय होणार?"

"तुझ्याकडे दोन आहेत," ते म्हणाले, "तू उधळ."

आणि मग मुकी आली.

कुठल्या तरी कंपनीतला एक इंग्रज इंजिनियर कायमचा मायदेशी निघाला होता. त्याच्याकडून अरबाबने एक रायफल घेतली. सायलेन्सर म्हटलं की मला मोटारीचाच माहीत. बंदुकीलाही तो असतो हे मी तिथे पहिल्यांदा ऐकलं. अरबाबकडे त्याच्या मोठ्या रायफलीसाठी तोंडावर पिळून बसवायचा एक डबा आधीपासून होता, पण त्याची तऱ्हा वेगळी. तो लावला की नेम हलायचा, आणि बार दबला तरी वेगाने जाणाऱ्या गोळीचा चाबूक हवेत कडाडायचाच. ही नवी रायफल म्हणजे निराळंच प्रकरण. हिला वरून काही लावायचंच नव्हतं. नळीच बांबूसारखी जाड, आवाज गिळायची सोय तिच्यातच मुरवलेली, आणि गोळी संथ. "बाज़ों को पता भी नहीं चलेगा," अरबाब म्हणाला.

चाचांनी ती हातात घेतली, उलटीसुलटी केली. "जड हाय," म्हणाले. त्यांचा विश्वास बसलेला नव्हता.

आवाराच्या मागे वाळूच्या उंचवट्यावर एक तुपाचा रिकामा डबा ठेवला. मी पाण्याच्या टाकीमागे उभा राहिलो. कुतूहल मलाही असतं, पण मी ते आडोशाने बाळगतो. चाचांनी सवयीने कानातला बोळा बोटाने आत दाबला, खांदा आवळला, डोळे बारीक केले आणि चाप ओढला.

टिक्. वहाणेचा अंगठा तुटावा तेवढा आवाज. आणि मग लांबवर डब्याचा टण्.

चाचा थिजले. रायफल हळूच खाली ठेवली. कानातला बोळा उपसून काढला. चेहरा वाळूसारखा झालेला. मी टाकीमागून धावत आलो.

"अन्वर," ते म्हणाले. "बोल."

"काय झालं, चाचा?"

ते माझ्या तोंडाकडे बघत होते. मी घाबरून पुटपुटलो होतो, माझं मलाही ऐकू आलं नसेल. "बोल रे! कायतरी बोल! गेला... हाही गेला..." आणि तो पोफळीएवढा माणूस मटकन वाळूत बसला.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. बार झाला नाही म्हणून त्यांना वाटलं, कान गेला! मी उजवीकडे जाऊन सगळ्या ताकदीने ओरडलो, "चाचा! बंदूकच मुकी आहे! कान शाबूत आहे!"

"ओरडतोस कशाला," चाचा कान धरून म्हणाले, "बहिरा करशील."

अरबाब हसून हसून पडवीच्या खांबाला टेकला. ससाणे मात्र जागचे हललेही नव्हते. टोप्या घालून बसले होते, जणू काही झालंच नाही. चाचा उठले, अंगावरची वाळू झटकली, आणि रायफलीवरून हात फिरवला. त्या दिवसापासून तिचं नाव मुकी.

मुकीचे त्यांनी फार लाड केले. रोज पुसायची, तेलपाणी करायचं, पांघरुणाच्या जुन्या तुकड्यात गुंडाळून ठेवायची. कानातला रातकिडा हळूहळू निवला. मला वाटलं, चला, चाचांचं सगळं मनासारखं झालं. पण त्या थंडीत एकदा आम्ही गोठ्याच्या सावलीत बसलो होतो. चाचांनी एक पारवा टिपला होता. त्यांच्या मांडीवर मुकी होती.

"गावाला बार झाला की काय व्हायचं माहीत हाय?" ते म्हणाले, आणि त्यांच्या मानाने हळू म्हणाले. "चारी वाड्यांतून लोक ओरडायचे, 'पडला काय रे?' मी ओरडायचो, 'पडला!' कंदील घेऊन धावत यायचे. बायका दारात. कोण म्हणायचं मोठा हाय, कोण म्हणायचं मादी हाय. भांडायचे. नाय पडला तर शिव्या पण द्यायचे." ते थांबले. "आता पडतो आणि कुणाला कळत पण नाय. पूर्वी बारामुळं मला ऐकू यायचं नाय, आता पंख आपटतात ते ऐकू येतं. पडलेलं पाखरू आणि मी, दोघंच."

 असल्या वेळी काय बोलावं हे मला आजही सुचत नाही. म्हणून तर चहा मागतो.

थंडीतच ती सशांची गंमत झाली. अरबाबच्या जीपमधून आम्ही आत वाळवंटात गेलो होतो. मला नेलं होतं ते जेवणाच्या पेट्या सांभाळायला. मुकीमुळे मोठी सोय होईल असा अरबाबचा हिशेब. बार होणार नाही, एक ससा पडला तरी बाकीचे झुडपात चरत राहतील.

पहिला ससा दिसला. चाचा गुडघ्यावर बसले, नेम धरला, आणि धरलेल्या नेमावर, शिकार हलाल व्हावी म्हणून प्रत्येक मुसलमान म्हणतो ते म्हणाले: "बिस्मिल्ला, अल्लाहु अकबर!"

वाळवंट दणाणलं. ससा गेला. त्याचे नातेवाईकही गेले. पलीकडच्या टेकाडामागून एक उंट उठून उभा राहिला.

दुसऱ्या वेळी तेच. तिसऱ्या वेळी तेच. अरबाब कपाळाला हात लावून म्हणाला, "इसाक, बंदूक को तो अंग्रेज़ ने चुप करा दिया. तुम को कौन चुप कराएगा? दिल में बोलो!"

"दिल में तो हमेशा रहता है, अरबाब. ज़बान से बोलना पड़ता है."

"तो धीरे बोलो. यल्ला!"

चाचा हळू बोलले. म्हणजे ओठ हलले. मग त्यांनी रायफल खाली घेतली, चापाला हातही लावला नाही, आणि माझ्याकडे वळून विचारलं, "बोललो काय मी?"

त्यांना त्यांचंच हळू बोललेलं ऐकू येत नव्हतं.

ते परत आल्यावर थेट आमच्या मशिदीतल्या मौलवींकडे गेले. मौलवी आपल्याच किनाऱ्याचे, समजूतदार. म्हणाले, "इसाकभाई, आपल्या मजहबात चुकून राहून गेलं तरी मांस हलालच आहे. तुम्ही तर बोलता. हळू बोललं तरी अल्लाला पोचतं."

"विसरलो तर माफ, ते ठीक हाय," चाचा म्हणाले. "पण मी विसरलेलो नाय ना! मी बोललो की नाय तेच मला कळत नाय. अल्लाला ऐकू जातं, कबूल. मग मला कुणीतरी सांगायला पायजे."

अशा रीतीने शिकारीच्या इतिहासात माझी नेमणूक झाली. पुढच्या शुक्रवारपासून मी चाचांच्या उजव्या खांद्याशी वाळूत पालथा पडून राहायचो, अंगात ऑफिसची पँट, नाकात वाळू. काम एकच, बिस्मिल्ला ऐकणं. चाचा नेम धरून पुटपुटायचे. मला स्पष्ट ऐकू आलं की मी त्यांच्या खांद्यावर एक थाप मारायची. थाप बसली की ते चाप ओढायचे. टिक्. मग डोळे समोरच ठेवून, ओठांच्या कोपऱ्यातून विचारायचे, "पडला काय रे?"

त्यांची नजर माझ्यापेक्षा कितीतरी चांगली होती. पडलेला त्यांना दिसायचाच. तरी विचारायचे. आणि मी म्हणायचो, "पडला, चाचा." मग ते समाधानाने मान हलवायचे आणि उठायचे. चारी वाड्यांच्या बदल्यात त्यांना मी एकटा मिळालो होतो. सौदा काही फार चांगला नव्हता, पण त्यांनी कधी बोलून दाखवलं नाही.

हलिमाचा निकाह ठरला तेव्हा चाचांनी माझीही रजा स्वतःच जाऊन अरबाबकडून मंजूर करून आणली. "साक्षीदार म्हणून हाच पायजे," त्यांनी सांगितलं. "ऐकण्यातला माणूस हाय." नोकरीत माझ्याबद्दल एवढं चांगलं आधी किंवा नंतर कुणी बोललेलं नाही. बोटीने मुंबई, तिथून किनाऱ्याची आगबोट. दोन्ही बोटींवर इंजिनापासून सगळ्यात लांबची जागा चाचांनी धरली आणि वाटभर कानावर रुमाल बांधून बसले.

निकाहच्या सकाळी मी त्यांच्या अंगणात पोचलो तेव्हा मांडव सजला होता. चाचा नवा कुर्ता घालून पायरीवर बसले होते. काहीतरी वेगळं दिसत होतं. काय ते मला लगेच कळेना.

"कापूस, चाचा?"

"काढला." ते लहान मुलासारखे हसले. "आज कशाला? आज तर ऐकायचाच दिवस. सकाळी हलिमा कायतरी बोलली तर बांगड्यांसकट ऐकू आलं!" कोंबडा आरवला तर म्हणाले, "हा शेजाऱ्यांचा." विहिरीवर रहाट करकरला तर म्हणाले, "तेल नाय घातलं अजून." किती वर्षांनी तो कान असा उघडा होता. चाचा सगळे आवाज हाताळून बघत होते, बाजारात कापड बघतात तसे.

वरात आली. आता माझी चहा मागायची जागा हीच.

नवरदेवाकडची माणसं भली होती. आजही मला त्यांच्याबद्दल वाईट बोलवत नाही. सोयरीक कुणाच्या घरी, तर चार वाड्यांच्या शिकाऱ्याच्या घरी. मग वरात काय नुसती वाजंत्री लावून न्यायची? त्यांनी दोन ठासणीच्या बंदुका आणल्या होत्या, सलामीला. मानाची गोष्ट म्हणून कुणाला आधी सांगितलं नव्हतं. चाचा दोन्ही हात पुढे करून व्याह्यांना मिठी मारायला मांडवाबाहेर आले, आणि त्यांच्या उजव्या अंगाला, दोन हातांवर, हसऱ्या चेहऱ्याच्या दोन तरुणांनी आकाशाकडे एकदम बार काढले.

धूर निवळला तेव्हा सगळे टाळ्या वाजवत होते. चाचा तिथेच उभे होते. मिठीसाठी पसरलेले हात तसेच. मग त्यांनी व्याह्यांना मिठी मारली, घट्ट. पाहुण्यांना बसवलं. सरबत फिरवलं. मी जवळ गेलो तेव्हा त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मला त्या तुपाच्या डब्याचा दिवस आठवला. फक्त या वेळी ते "बोल" म्हणाले नाहीत.

मीच बोललो. उजवीकडे जाऊन, ओरडून. त्यांनी नुसती मान हलवली, नाही म्हणून.

काझींनी हाक मारली. आम्ही आत गेलो. चाचा, मी आणि दुसरा साक्षीदार. बायका बाजूला सरल्या. पडद्याआड हलिमा बसली होती. चाचांनी नवऱ्या मुलाचं नाव घेऊन विचारलं, नेहमीच्या त्या आवाजात, "कबूल हाय काय, बेटा?" आणि उजवा कान पडद्याला लावला.

तिने सांगितलं. हळू, पण स्पष्ट. मला आणि दुसऱ्या साक्षीदाराला नीट ऐकू आलं. काझी बाहेरून म्हणाले, "झालं?" चाचा हलले नाहीत. पुन्हा विचारलं, "कबूल हाय काय?"

 सलामीचा बार तिनेही ऐकला असणार. बापाचा कान तिच्याइतका कोण ओळखणार? आणि मग ती मुलगी, जी जन्मात कधी मोठ्याने बोलली नव्हती, ती ओरडली, "कबूल, बाबा! कबूल! कबूल!" मांडवातली वाजंत्री थांबली. पंगतीची पानं मांडणारे थांबले. चारी वाड्यांना ऐकू गेलं असेल.

चाचांचा कान पडद्याला तसाच लागलेला होता. ते माझ्याकडे वळले. ओठांच्या कोपऱ्यातून विचारलं, "बोलली काय रे?"

मी त्यांच्या उजव्या खांद्यावर एक थाप मारली.

त्यांनी डोळे मिटले आणि "अलहमदुलिल्ला" म्हणाले. इतकं हळू की मलाही जेमतेम ऐकू आलं. चाचांच्या तोंडून एवढा हळू शब्द मी तो एकच ऐकला.

कान परत आला नाही. रजा संपल्यावर ते दुबईला परतले, कारण निकाह झाला तरी पोट राहतंच. अरबाबने विचारलं, आता जुनी बंदूक वापरली तर काय हरकत आहे, मुकी तो मित्राला भेट देऊ म्हणत होता. चाचांना हे मी पाटीवर लिहून दाखवलं. त्यांनी पडवीकडे बोट केलं. "माझ्यासाठी नको," म्हणाले, "त्यांना कान हायत ना." मुकी राहिली.

पुढच्या वर्षी माझी बदली अबुधाबीच्या ऑफिसात झाली. चाचा काही दिवसांनी गावी गेले ते गेलेच. मातीला मी पोचू शकलो नाही. त्यांना शेवटचं पाहिलं ते बदलीच्या आदल्या दिवशी, खाडीवर. निरोप घ्यायला म्हणून मी धावत धक्क्यावर आलो, तर अबरा नुकती सुटली होती. मोटारवाली होती. चाचा तिच्यात बसले होते, अगदी मध्ये, इंजिनाला टेकून. कानात कापूस नव्हता.

"चाचा!" मी ओरडलो. "इसाकचाचा!"

अबरेतले सगळे वळून बघायला लागले. नाखवासुद्धा वळला. चाचा बर दुबईकडे तोंड करून बसून राहिले. त्यांचा हात इंजिनाच्या लाकडी पेटीवर होता, पंजा पसरून, तापलेल्या पोराच्या छातीवर ठेवतात तसा.